विज्ञानकथेचे वाचक एकमेकांना कधी भेटणार?

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं एक कथा आली. कथेचं नाव 'कृष्णविवर'. तिला पहिला क्रमांक मिळाला आणि मागाहून उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलट क्रमानं लावली होती. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातानं उतरवून घेतली होती. नावाचं वजन बाजूला ठेवल्यावर कथा स्वतःच्या पायावर उभी राहते का, हे त्यांना पाहायचं होतं.

पुढचं अनेकांना ठाऊक आहे. मुकुंदराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर' मासिकासाठी कथा मागितल्या. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. २० मे २०२५ रोजी ते गेले, तोवर मराठी विज्ञानकथा ओसरीवरून माजघरात पोहोचली होती.

लेखकांची ही वाटचाल नीट नोंदली गेली. वाचकांची मात्र नाही. मराठीत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा झपाटल्यासारख्या वाचणारी माणसं गावोगाव आहेत. पण ती एकेकटी वाचतात. त्यांची मंडळं आणि वार्तापत्रं मराठीत रुजली नाहीत, वर्षातून एकदा जमण्याचा प्रघात पडला नाही. हे बदलायला हवं, आणि सुरुवात दर वेळी पुण्या-मुंबईनंच केली पाहिजे असं नाही. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या वेशीवर असलेल्या धर्माबादसारख्या गावातूनही ती होऊ शकते. तिथून ती व्हावी याला ठोस कारणं आहेत.

आधी हे पाहायला हवं, की जगात या साहित्याचा इतिहास वाचकांनीच घडवला. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं छापली जात आणि पत्राखाली पूर्ण पत्ताही असे. संपादकाला लिहिणारी पोरं मग एकमेकांनाच लिहायला लागली. त्यातून पत्रव्यवहाराचं एक मंडळ उभं राहिलं आणि मे १९३० मध्ये त्या मंडळानं 'द कॉमेट' नावाचं पत्रक काढलं. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेल्या नियतकालिकांची परंपरा तिथून मोजली जाते. स्टेन्सिल कापायचं, चक्रमुद्रणावर प्रती काढायच्या, तिकिटं चिकटवून टपालात टाकायच्या, आणि पैशांऐवजी समोरच्यानं काढलेलं पत्रक किंवा त्याचं पत्र घ्यायचं, असा तो व्यवहार होता.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला या मंडळींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. त्याला लॉस एंजेलिसहून एक अठरा वर्षांचा मुलगा आला होता. प्रवासाचे पैसे त्याला फॉरेस्ट अ‍ॅकरमन या दुसऱ्या चाहत्यानं दिले होते. तो मुलगा म्हणजे रे ब्रॅडबरी. त्याच सुमारास तो 'फ्यूचुरिया फँटासिया' नावाचं स्वतःचं पत्रकही काढत होता. त्याचे चार अंक निघाले. तिकडे लंडनमध्ये आर्थर क्लार्क याच नादाच्या मित्रांबरोबर एका बिऱ्हाडात राहत होते आणि चाहत्यांच्या पत्रकांत लिहीत होते. पुढे जगभर वाचले गेलेले हे लेखक आधी पत्रकं काढणारे, वाद घालणारे आणि टपालाची वाट पाहणारे वाचक होते.

या मंडळींनी आपसांतल्या विनोदांचंही एक विश्व उभं केलं. डोक्यावर फिरत्या पात्याची टोपी ही चाहत्याची खूण झाली. विल्सन टकर या लेखकानं आपल्या कथांतल्या पात्रांना चाहते-मित्रांची नावं द्यायला सुरुवात केली. ती लकब इतकी पसरली, की तिला टकरच्याच नावानं ओळखतात. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिड लँगफर्ड यांनी 'अँसिबल' हे वार्तापत्र सुरू केलं. उर्सुला ले ग्विन यांच्या कादंबऱ्यांत दूरच्या ग्रहांवर तत्क्षणी निरोप पोहोचवणारं एक यंत्र आहे, त्याचं हे नाव. बाहेरच्याला या गोष्टी पोरकट वाटतील. पण शेकडो मैल दूर राहणाऱ्या, कधीच न भेटलेल्या दोन माणसांना एकच खूण कळते, तेव्हा ती एका बिरादरीची होतात. ही बिरादरी काय करू शकते तेही दिसलं. १९६८ मध्ये 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका बंद पडायला आली असताना चाहत्यांच्या पत्रांच्या पावसानं तिला तिसरं पर्व मिळालं. १९७६ मध्ये पुन्हा अशाच पत्रमोहिमेनंतर अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं नाव मिळालं, एंटरप्राइज.

हे सगळं परदेशातच घडतं असंही नाही. कोलकात्यात अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये 'आश्चर्य' हे विज्ञानकथांचं बंगाली मासिक सुरू केलं. १९६६ मध्ये त्याच वर्तुळातून 'एसएफ सिने क्लब' उभा राहिला आणि सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. लेखक, चित्रकार, दिग्दर्शक आणि साधे वाचक तिथे एका छताखाली बसून विज्ञानपट पाहत आणि त्यावर बोलत. बंगालीला हे साठ वर्षांपूर्वी जमलं.

मराठीला न जमण्याचं कारण साहित्याची वानवा हे नक्कीच नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं मराठी रूप येत होतं. त्याच शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिलं. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावं आजच्या आजोबांनाही पाठ आहेत. अनंत अंतरकरांच्या 'नवल'नं विलक्षण कथांना हक्काची जागा दिली. दिवाळी अंकांत 'धनंजय'नं रहस्य, गूढ आणि विज्ञान या कथांवरच आपली ओळख उभी केली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी विज्ञानकथेचा पाया रुंद केला. लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी मिळून 'देवांसि जिवे मारिले' ही कादंबरी लिहिली; अरुण साधूंसारखा राजकीय कादंबरीकार 'विप्लवा' लिहून या वाटेनं गेला. हॅरी पॉटर मराठीत आला, टॉल्किनची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणली.

आणि नारायण धारप. रसायनतंत्रज्ञान शिकलेल्या या लेखकानं शंभरावर पुस्तकं लिहिली. 'समर्थ' हे पात्र, '४४०, चंदनवाडी'सारखी शीर्षकं वाचकांच्या बोलण्यात रुळली. त्यांच्या कथेतून मिळालेल्या बीजावर राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' हा चित्रपट केला. २०१८ मध्ये तो आला तेव्हा गर्दी बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर मात्र त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मधल्या सहा वर्षांत त्याची कीर्ती वाढवली ती तोंडोतोंडी बोलणाऱ्या प्रेक्षकांनी. धारपांची पुस्तकं नव्या पिढीसाठी पुन्हा बाजारात आणण्यात छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाचा मोठा वाटा आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या प्रकाशकाला हा वाचक दिसला होता.

आपसांतल्या खुणाही मराठीत तयारच आहेत. 'ट्टॉक!' एवढंच म्हटलं की भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे समोर उभा राहतो आणि दोन अनोळखी वाचक एकदम मित्र होतात. २०१७ च्या 'फास्टर फेणे' चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी भागवत नावाच्या लेखकाची भूमिका केली, तेव्हा जुन्या वाचकांना ती खूण लगेच कळली. खुद्द नारळीकरांची एक रीत अशीच प्रसिद्ध होती. स्वाक्षरीची वही पुढे करणाऱ्या मुलांना ते सांगत, की विज्ञानातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर मिळेल आणि खाली सहीही असेल. गर्न्सबॅकच्या पत्रसदरातून जे घडलं, त्याचं मूळ इथेही होतं. फरक इतकाच, की मुलांची पत्रं नारळीकरांकडे गेली आणि उत्तरं मुलांकडे आली. त्या मुलांना एकमेकांचे पत्ते कधी कळले नाहीत.

आता धर्माबादकडे वळू. लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे गाव. शेजारी तेलंगणात बासरचं सरस्वतीचं देऊळ, पुढे निजामाबाद. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पहिलं कारण भाषेचं: इथल्या बाजारात मराठी आणि तेलुगू दोन्ही चालतात, आणि अद्भुताच्या वाचनाची एक साखळी या दोन भाषांना आधीपासून जोडते. जुलै १९४७ मध्ये मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 'चंदामामा' हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं. १९५२ पासून ते 'चांदोबा' म्हणून मराठीत येऊ लागलं. प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा विक्रमराजा आणि त्याचं मौन मोडणारा वेताळ, चित्रकार शंकर यांनी काढलेले, दोन्ही भाषांतल्या पोरांनी पाहिले. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या राक्षस-मांत्रिकांच्या मालिका मूळ तेलुगूतल्या. मराठी मुलांनी त्या लेखकाचं नावही न ऐकता वाचल्या. याच नागी रेड्डी-चक्रपाणींनी १९५७ मध्ये 'मायाबजार' हा चित्रपट काढला. १९९१ मध्ये सिंगीतम श्रीनिवास राव यांनी 'आदित्य ३६९' मध्ये काळयंत्रातून नायकाला कृष्णदेवरायाच्या दरबारात नेलं, तेव्हा हिंदी पडद्यावर असं धाडस कुणी केलेलं नव्हतं. सीमेवरच्या वाचकाच्या दोन्ही हातांत दोन परंपरा आहेत, आणि हे भाग्य पुण्याच्या वाचकाला नाही.

दुसरं कारण म्हणजे इथलं वास्तव. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याचे दरवाजे पाऊस पाहून नव्हे, तर तारीख पाहून उघडतात. २८ फेब्रुवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली तेलंगणाच्या बाजूला सोडायचं. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी. ज्या नदीचं वेळापत्रक न्यायालय ठरवतं, तिच्या काठावर राहणाऱ्या माणसाला पाण्यासाठी लढणाऱ्या परग्रहाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं; पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपानं हजारो माणसं नेली, तेव्हा हा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. या भूमीवर विज्ञानकथा लिहायला कल्पनेला फार ताण द्यावा लागत नाही. हवी आहेत ती लिहिलेलं वाचून त्यावर भांडणारी माणसं.

तिसरं कारण शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत धावणारे लेसरचे झोत, आणि अवकाशाच्या ताणण्या-आकसण्यानं त्या भुजांच्या लांबीत पडणारा अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक फरक टिपायचा, असं हे काम. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाल्याचा संदेश पहिल्यांदा टिपला. ती घटना घडली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. नारळीकरांनी उभी केलेली पुण्याची आयुका ही संस्था या प्रकल्पातली एक भागीदार आहे. मराठीतली गाजलेली विज्ञानकथा कृष्णविवरावर बेतली होती, आणि आता कृष्णविवरांची चाहूल घेणारं यंत्र मराठवाड्याच्या काळ्या मातीत बसत आहे. वेधशाळा सुरू होईल त्या दिवशी आजूबाजूच्या तालुक्यांतली मुलं कुंपणाबाहेर उभी राहून बघणारी असावीत, की आत काय चाललंय यावर गोष्टी लिहून वाद घालणारी, हे आजच ठरवावं लागेल.

यावर आक्षेप येतील. पहिला नेहमीचा: हे लहान मुलांचं आणि वेळ घालवण्याचं वाचन आहे. त्याला उत्तर म्हणून नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांचं उदाहरण पुरेसं आहे. विश्वाच्या उत्पत्तीवर आयुष्यभर वाद घालणाऱ्या या शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी लिहिली, आणि तिच्यात सजीव आकाशमेघाची कल्पना गांभीर्यानं तपासून पाहिली.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. भूत, चेटूक, मांत्रिक यांच्या कथा वाचून अंधश्रद्धा वाढणार नाही का? ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण गोष्ट गोष्ट म्हणून वाचणारा माणूस भोंदूच्या हाती सहसा लागत नाही. लेखकानं भीती कशी रचली, दार कुठल्या वाक्याला वाजलं, प्रेत उठायच्या आधी शांतता किती लांबवली, हे चार जणांत बसून उलगडायची सवय लागली, की गावात कुणी अंगात आल्याचा खेळ मांडला तर त्यातली रचनाही दिसू लागते. धारपांची कादंबरी एकट्यानं रात्री वाचावी आणि दुसऱ्या दिवशी मंडळात तिची चिरफाड करावी. हे मंडळ नसेल, तर फक्त भीती उरते.

तिसरा आक्षेप: फोनवर गट आहेत, छापील पत्रक कशाला? फोनवरचा गट पुढच्या निरोपाखाली काल काय बोललो ते गाडून टाकतो. पत्रक ग्रंथालयाच्या फळीवर राहतं. आठवीतली मुलगी ते चार वर्षांनी उघडू शकते आणि जुन्या वादात नवं पत्र लिहू शकते. 'द कॉमेट'बद्दल आज बोलता येतं, ते त्याच्या प्रती कुणीतरी जपल्या म्हणून.

काम मोठं नाही आणि खर्चिकही नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अनुदानित वाचनालयांचं जाळं गावोगाव विणलं गेलं आहे. त्याआधी, १९५५ मध्येच, हैदराबाद राज्यानं स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. त्या राज्यात मराठवाडा होता. वाचनालयाची एक संध्याकाळ महिन्यातून एकदा या वाचकांना द्यावी. ग्रंथपालानं धारप, नारळीकर, भागवत, जावडेकर एका कपाटात आणावेत. शाळेतल्या विज्ञानशिक्षकानं आणि मराठीच्या शिक्षकानं मिळून चार पानांचं पत्रक काढावं. निम्मी पानं वाचकांच्या पत्रांना द्यावीत आणि पत्त्याच्या जागी वाचनालयाचा पत्ता छापावा, म्हणजे मुलांची सुरक्षितता जपली जाईल आणि टपालही पोहोचेल. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. उमरी, मुदखेड, देगलूर, उदगीर इथल्या वाचनालयांना प्रती पाठवाव्यात आणि बदल्यात त्यांचं पत्रक मागावं. धर्माबादहून सुटणारी मराठवाडा एक्सप्रेस नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत मनमाडला जाते. त्या मार्गावरची महाविद्यालयं या साखळीत सहज येतील.

मराठी विज्ञान परिषदेनं १९६६ पासून विज्ञानप्रसाराचं काम चालवलं आहे आणि तिच्या कथास्पर्धेनं मराठीला लेखक दिले. आता तिनं वाचकांच्या मंडळांना हात द्यावा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं वर्षातून एकदा दोन दिवसांचं संमेलन भरवावं: एक दिवस कथांचा, एक दिवस औंढ्याच्या वेधशाळेवरच्या व्याख्यानांचा. त्यात व्यासपीठावर लेखक कमी आणि खाली वाचकांचे गट जास्त असावेत, कारण अशा संमेलनाचं खरं काम जेवणाच्या रांगेतल्या भांडणांत होतं.

पहिल्या अंकासाठी विषयही हाताशी आहे. बाभळीच्या बंधाऱ्याची शंभर वर्षांनंतरची एक गोष्ट, हजार शब्दांत, मराठीत किंवा तेलुगूत. धर्माबादच्या मुलांनी लिहावी तशी बासर आणि निजामाबादच्या मुलांनीही लिहावी. दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून ती तपासावी आणि निवडक कथा दोन्ही भाषांत छापाव्यात. एकाच पाण्याचं भविष्य दोन काठांवरून किती वेगळं दिसतं, हे त्या अंकात समोरासमोरच्या पानांवर वाचता येईल, आणि दुसऱ्या अंकाच्या पत्रसदराला त्यावरची भांडणं पुरतील.